गाडीतल्या नॅव्हिगेशनचा नकाशा अपडेट करावा का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडीच्या डॅशबोर्डवर नॅव्हिगेशन असतं, पण त्यातला नकाशा गाडी घेतली त्या वर्षाचाच राहिलेला असतो. सर्व्हिसिंगच्या वेळी कुणीतरी ‘अपडेट’चा विषय काढतं, दर ऐकून आपण गप्प होतो, आणि पुढच्या प्रवासाला फोन चार्जिंगला लावून निघतो. मी कोल्हापूर, रत्नागिरी, पुणे आणि गोवा या पट्ट्यात बरीच वर्षं गाडी चालवतो आहे. ओळखीतली माणसं या बाबतीत मला जे विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, ‘सर, नॅव्हिगेशन अपडेट करून टाकू का?’ हो म्हणावं का?

आधी विचारा, ‘नेमकं काय अपडेट करणार?’ कारण या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी येतात. पहिली म्हणजे नकाशा, म्हणजे रस्ते, पूल, गावांची नावं, पेट्रोल पंप ही सगळी माहिती. दुसरी म्हणजे युनिटचं, म्हणजे डॅशबोर्डमधल्या नॅव्हिगेशनच्या यंत्राचं, सॉफ्टवेअर. स्क्रीन, ब्लूटूथ, मार्ग काढण्याची पद्धत आणि आवाज त्यावर चालतात. तिसरी म्हणजे इंटरनेटवरून येणारी सेवा, जशी वाहतूक कोंडीची माहिती. ती बहुतेक वेळा वर्गणीची असते.

यातलं युनिटचं सॉफ्टवेअर कंपनी अनेकदा फुकट देते. ते मिळत असेल तर घ्या. फोनची जोडणी तुटणं, स्क्रीन अडकणं असल्या तक्रारी त्याने बऱ्याचदा मिटतात. पैसे मागितले जातात ते नकाशासाठी, आणि खरा विचार तिथेच करायचा आहे. पावतीवर नुसतं ‘नॅव्हिगेशन अपडेट’ लिहिलं असेल तर पैसे देऊ नका. नकाशा किती सालचा टाकणार ते लिहून मागा.

माझा नकाशा जुना झालाय हे कसं ओळखू?

सेटिंगमध्ये जाऊन आवृत्तीचा आकडा बघता येतो, पण त्या आकड्यावरून फारसं काही कळत नाही. त्यापेक्षा गाडी घरासमोर उभी असताना अर्धा तास काढा आणि नकाशाची परीक्षा घ्या. मी ज्या जागा टाकून बघतो त्या अशा.

समृद्धी महामार्ग. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, शिर्डी ते भरवीर मे २०२३ मध्ये, भरवीर ते इगतपुरी मार्च २०२४ मध्ये, आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा तुकडा ५ जून २०२५ ला. त्यामुळे नकाशाचं वय मोजायला हा ७०१ किलोमीटरचा रस्ता फार कामाचा आहे. नकाशात तो शिर्डीपाशी तुटत असेल तर माहिती २०२२ च्या आसपासची. आमण्यापर्यंत सलग दिसत असेल तर नकाशा बऱ्यापैकी ताजा. मुळातच नसेल, तर त्या रस्त्यावरून जाताना तुमचा बाण शेतातून धावताना दिसेल आणि आतली बाई ‘शक्य होईल तेव्हा यू-टर्न घ्या’ म्हणत राहील. समृद्धीवर यू-टर्न घ्यायला जागाच नाही.

अटल सेतू. शिवडी ते न्हावा-शेवा हा २१.८ किलोमीटरचा सागरी पूल जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला. इथे एक गंमत तपासून घ्या. पणजीला मांडवीवर २०१९ मध्ये झालेल्या तिसऱ्या पुलाचं नावही अटल सेतूच आहे. जुन्या नकाशात नाव टाकलं की फक्त गोव्याचा पूल सापडतो, किंवा काहीच सापडत नाही. नव्या नकाशात दोन्ही यायला हवेत.

पुण्याचा चांदणी चौक. जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ ला पाडला आणि नव्या उड्डाणपुलाचं लोकार्पण ऑगस्ट २०२३ मध्ये झालं. मी तिथे स्वतः फसलो आहे. रात्री पौड रस्त्याकडे जायचं होतं, गाडीतला नकाशा जुन्याच वळणावर अडून बसला होता. एक रॅम्प चुकला आणि नऊ मिनिटांचं काम चाळीस मिनिटांवर गेलं. मागच्या सीटवर आई होती, तिला डॉक्टरांकडे न्यायचं होतं. त्या रात्रीनंतर मी या परीक्षेला लागलो.

मुंबई-गोवा महामार्गावर पोलादपूर आणि खेडच्या मध्ये कशेडीचा बोगदा दिसतो का, की मार्ग अजून घाटाच्या वळणांनीच नेतो? गोव्यात झुआरीवरचा नवा पूल दिसतो का? मोपा विमानतळ सापडतो का?

शेवटी नावं. छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर टाकून बघा. नुसती नावं सापडली नाहीत तर जुनं नाव टाकून काम भागतं, तेवढ्यासाठी पैसे घालवू नका. पण नकाशा कोल्हापूर-पुणे रस्त्याला ‘एनएच ४’ आणि मुंबई-गोवा रस्त्याला ‘एनएच १७’ म्हणत असेल तर सावध व्हा. राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक २०१० मध्ये बदलले. आता रस्त्यावरच्या पाट्यांवर ४८ आणि ६६ असतं. कानावर एक आकडा आणि डोळ्यांसमोर दुसरा, अशाने ऐन फाट्यावर गोंधळ होतो.

या जागांपैकी तुमच्या जाण्यायेण्यातल्या दोन-तीन चुकल्या तर अपडेट घ्या. तुम्ही ज्या बाजूला कधी फिरकतच नाही तिथल्याच चुकल्या असतील, तर थांबा.

नवी आवृत्ती घेतली म्हणजे आजचा नकाशा मिळतो ना?

नाही. रस्ता मोजणारी गाडी फिरते, माहिती गोळा होते, तपासली जाते, कार कंपनीच्या युनिटसाठी बांधली जाते, मग ती सर्व्हिस सेंटरला पोचते. यात महिने जातात. म्हणून नकाशा कधी बाजारात आला हे विचारण्यापेक्षा त्यातली माहिती कधीपर्यंतची आहे हे विचारा. भारतात मॅपमायइंडिया ही कंपनी १९९५ पासून नकाशे बनवते आहे, हियर आणि टॉमटॉम या जागतिक कंपन्याही आहेत. कुणाचाही नकाशा असो, हा उशीर थोडाफार असतोच.

म्हणूनच तुमच्या भागात एखादा मोठा पूल किंवा बायपास दोन महिन्यांत सुरू व्हायचा असेल, तर आज पैसे भरू नका. त्याच्या पुढची आवृत्ती येऊ द्या.

फोनवर फुकट नकाशे आहेत. मग गाडीतल्या नकाशाला पैसे कशाला?

पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर अशा शहरांतच गाडी चालवत असाल तर खरंच देऊ नका. शहरात महत्त्वाची असते ती कोंडीची ताजी माहिती, आणि त्यात फोनच्या जवळपास गाडीतला नकाशा येत नाही. शेजारी धावणाऱ्या हजारो फोनच्या वेगावरून ती माहिती तयार होते. शिवाय फोनमध्ये सूचना मराठीत ऐकता येतात.

सह्याद्री उतरू लागलात की गोष्ट बदलते. आंबा घाट, करूळ, कुंभार्ली, ताम्हिणी, वरंधा या घाटांत रेंज जाते. आधी आखलेला मार्ग फोनमध्ये चालू राहतो, पण एखादा फाटा चुकलात की नवा मार्ग काढायला इंटरनेट लागतं. नेमकी हीच वेळ असते जेव्हा मदत हवी असते. गाडीतला नकाशा कार्डावर किंवा युनिटच्या आत साठवलेला असतो. त्याला रेंजची गरज नाही, उपग्रह दिसले की झालं.

दुसरा फायदा बोगद्यात कळतो. बोगद्यात उपग्रहाचा सिग्नल पोचत नाही. फोन शेवटच्या वेगावरून आणि आतल्या सेन्सरवरून काही वेळ अंदाज करतो, मग बाण रेंगाळतो. अनेक गाड्यांच्या मूळ युनिटला मात्र चाकांच्या फिरण्यावरून वेग कळतो आणि वळण ओळखणारा सेन्सरही असतो, त्यामुळे बाण बोगद्यातही चालत राहतो. समृद्धीवर इगतपुरीजवळचा बोगदा जवळपास ८ किलोमीटरचा आहे. इतक्या लांब अंधारानंतर लगेच बाहेर पडायचं असेल, तर हा फरक जाणवतो. पण नकाशात तो बोगदाच नसेल तर हा सेन्सर काय करणार? तेव्हा अपडेटचा खरा फायदा घाट-बोगद्यांतून फिरणाऱ्यांना मिळतो, आणि त्यांना मी अपडेट घ्याच म्हणतो.

तिसरं कारण साधं आहे. मे महिन्यात दुपारी काचेमागे लावलेला फोन तापतो, स्क्रीन मंद होते, कधी बंदही पडतो. गाडीचं युनिट त्या उन्हासाठीच बनवलेलं असतं.

फोनवरच ऑफलाइन नकाशा उतरवून ठेवला तर?

बहुतेकांसाठी हाच उत्तम मधला मार्ग आहे. गूगल मॅप्समध्ये भाग निवडून उतरवता येतो. रेंज नसतानाही त्यावर गाडीचा मार्ग मिळतो, फक्त कोंडीची माहिती येत नाही. उतरवलेल्या भागाला मुदत असते, तेव्हा निघायच्या आदल्या रात्री घरच्या वायफायवर तो ताजा करून घ्या. कोकणात जाणाऱ्याने निव्वळ रत्नागिरी जिल्हा उतरवून भागत नाही. घाटाच्या वरची बाजूही हवी, म्हणजे कराड, पाटण, शाहूवाडी, भोर. परतीला रस्ता बदलावा लागला तर तोच भाग लागतो.

ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावर चालणारी ऑरगॅनिक मॅप्स आणि ओएसएमअँड ही ॲपं पूर्ण ऑफलाइन चालतात. अख्खा महाराष्ट्र आणि गोवा फोनमध्ये मावतो. वाड्यावस्त्यांचे रस्ते काही ठिकाणी फार छान आहेत, काही ठिकाणी अगदी तुटपुंजे. तिथल्या माणसांनी किती भर घातली त्यावर ते अवलंबून असतं.

अपडेट केल्यावर जीपीएस जास्त अचूक होईल का?

नकाशा बदलून उपग्रहाचा सिग्नल सुधारत नाही. मोकळ्या आभाळाखाली साधा रिसिव्हर, म्हणजे सिग्नल पकडणारा भाग, सुमारे ५ मीटरच्या आत जागा सांगतो. उंच इमारतींमध्ये आणि दरीत सिग्नल आपटून येतो म्हणून तो भरकटतो. बाण सतत शेजारच्या सर्व्हिस रोडवर दिसतो ही तक्रार असेल, तर दोन शक्यता आहेत. एकाच ठिकाणी होत असेल तर नकाशात रस्ता सरकलेला आहे आणि अपडेटने ते सुटू शकतं. सगळीकडेच होत असेल तर अँटेना बघा. बाहेरून बसवलेल्या युनिटची अँटेना डॅशबोर्डच्या आत पत्र्याखाली टाकलेली मी बऱ्याच गाड्यांत पाहिली आहे. ती काचेजवळ आणली की फुकटात काम होतं.

आणि आपली ‘नाविक’ प्रणाली? ती अपडेटने येईल?

नाही येणार. नाविक ही जीपीएससारखीच, पण इस्रोची उपग्रह प्रणाली आहे, आणि तिचा सिग्नल पकडायला तशी चिप लागते. सुरुवातीचे नाविक उपग्रह एल५ आणि एस या रेडिओ लहरींच्या पट्ट्यांत प्रसारण करत, आणि गाड्यांतले बहुतेक जुने रिसिव्हर फक्त एल१ ऐकतात. २९ मे २०२३ ला सोडलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहापासून इस्रोने नाविकमध्ये एल१ पट्टाही आणला. तरीही रिसिव्हरला तो सिग्नल ओळखता यायला हवा. कुणी ‘नाविकवालं अपडेट’ म्हणून जास्त पैसे मागत असेल तर चिपचं नाव विचारा.

युनिटची तारीख भलतीच दाखवते आणि पोचायची वेळ चुकते. नकाशा घेऊ का?

हा नकाशाचा दोष नाही. जीपीएसचा उपग्रह आठवड्यांची मोजणी ० ते १०२३ अशी करतो आणि मग परत शून्यावर येतो. अशी फेरी ऑगस्ट १९९९ मध्ये पूर्ण झाली, आणि त्यानंतर ६-७ एप्रिल २०१९ च्या रात्री. ज्या युनिटच्या सॉफ्टवेअरला हे सांभाळता आलं नाही, ते १०२४ आठवडे, म्हणजे जवळपास साडेएकोणीस वर्षं मागे गेलं. काही युनिटमध्ये ही उडी बनवणाऱ्याने ठरवलेल्या दुसऱ्याच तारखेला येते. जागा बरोबर दाखवते, तारीख मात्र चुकते. यावर इलाज एकच, युनिटचं सॉफ्टवेअर. कंपनीने ते काढलं नसेल, तर नव्या नकाशावर पैसे घालवू नका.

मी ‘टोल टाळा’ लावून ठेवलंय. जुन्या नकाशाने काही बिघडतं का?

बिघडतं, आणि हे फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. मुंबईत शिरताना लागणाऱ्या पाचही नाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून माफ झाला. जुन्या नकाशाला हे माहीत नाही. तो वाशी, ऐरोली, मुलुंड, दहिसरला अजून टोल धरून चालतो, आणि ‘टोल टाळा’ चालू असेल तर आडवातिडवा मार्ग काढू शकतो. निदान मुंबईकडे जाताना ती खूण काढून टाका. त्याला पैसे पडत नाहीत.

‘लाइफटाइम अपडेट’ असं खोक्यावर लिहिलं होतं. आता मिळत नाही म्हणतात. हे कसं?

कुणाचा लाइफटाइम, ते बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. तो मालकाचाही नसतो आणि गाडीचाही. कंपनी त्या यंत्राला आधार देईल तेवढा काळ, असा त्याचा अर्थ. युरोपात टॉमटॉमने २०१८ मध्ये आपल्या काही जुन्या यंत्रांना यापुढे नकाशे मिळणार नाहीत असं जाहीर केलं, तेव्हा लोक फार चिडले होते. मला त्यांचा राग रास्त वाटतो. आपण पूर्ण किंमत मोजतो आणि शब्दाचा अर्थ दुसराच कुणी ठरवतो. एक तांत्रिक अडचण मात्र खरी आहे. नकाशे दरवर्षी मोठे होतात आणि जुन्या यंत्राची साठवण तेवढीच राहते. पैसे भरण्याआधी आपल्या युनिटमध्ये पूर्ण भारताचा नकाशा मावतो का ते विचाराच.

बाजारात कार्ड कॉपी करून स्वस्तात मिळतं. चालेल?

नका घेऊ. एक तर ते चोरीचं आहे. दुसरं, अनेक गाड्यांत कार्ड त्या युनिटशी बांधलेलं असतं, कॉपी केलेलं कार्ड घातलं की स्क्रीनवर चूक दाखवते. चाललंच तर त्यातला नकाशा किती सालचा ते सांगायला कुणी नसतं. मूळ कार्ड फॉरमॅट करून बसलेला एक गृहस्थ मला माहीत आहे. त्याला शेवटी पूर्ण किमतीचं नवं कार्ड घ्यावं लागलं.

अपडेट घरी करायचं असेल तर काय सांभाळू?

जतन केलेल्या जागा आधी कागदावर लिहून घ्या, त्या पुसल्या जाऊ शकतात. मूळ कार्डाची पूर्ण प्रत संगणकावर ठेवा. गाडी उघड्यावर उभी करून इंजिन चालू ठेवा, बंद गॅरेजमध्ये ते चालू ठेवणं जिवावर बेततं. इंजिन बंद ठेवून तासभर युनिट चालवलं तर बॅटरी उतरते, आणि अर्ध्यात वीज गेली तर युनिट कायमचं बंद पडू शकतं. मध्येच चावी फिरवू नका. पेनड्राइव्ह चांगला घ्या. फाइल अर्धवट उतरली असेल तर अपडेट तिथेच अडकतं.

नवा नकाशा टाकला की बंद रस्ते, पाण्याखालचे पूल कळतील ना?

नाही. या प्रश्नाचं उत्तर मी फार जपून देतो. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात कोतूळजवळ, रात्री फोनवरच्या नकाशाच्या भरवशावर निघालेली एक गाडी धरणाच्या पाण्यात बुडालेल्या पुलावर गेली आणि चालवणाऱ्याचा जीव गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या तुटलेल्या पुलावरून गाडी खाली पडून तिघे गेले. रस्ता बंद झालाय हे कुणीतरी नकाशाला सांगावं लागतं. ते सांगितलं गेलं नाही तर ताज्यात ताजा नकाशाही तुम्हाला सरळ पाण्यात नेतो.

पावसाळ्यात वरंधा घाट बंद ठेवण्याचे आदेश निघतात, दरडी कोसळल्या की दुसरे घाटही बंद होतात. तेव्हा जिल्हा प्रशासनाची सूचना बघा, नाहीतर घाटाच्या पायथ्याच्या चहाच्या टपरीवर गाडी थांबवून विचारा, ‘काका, वर रस्ता चालू आहे का?’ रात्री अनोळखी ठिकाणी डांबर संपून मातीचा रस्ता लागला, समोरून बराच वेळ एकही गाडी आली नाही, तर थांबा. उतरा आणि पायी पुढे जाऊन बघा. नकाशा ‘सरळ जा’ म्हणत असला तरी.

फोन स्टँडवर लावला तर दंड होतो का?

केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑक्टोबर २०२० पासून मार्ग बघण्यापुरता फोन वापरायला परवानगी आहे, पण चालकाचं लक्ष विचलित होता कामा नये. हातात धरून चालवलात तर दंड आहे. पत्ता निघण्याआधीच टाका.

वडिलांना जुन्या स्क्रीनची सवय आहे. अपडेटने मेनू बदलला तर?

मोठं सॉफ्टवेअर बदललं तर बटणांच्या जागा बदलतात हे खरं आहे, आणि सत्तरीच्या माणसाला चालत्या गाडीत नवं बटण शोधायला लावणं धोक्याचं आहे. नुसता नकाशा बदलला तर सहसा मेनू तसाच राहतो. सॉफ्टवेअर बदलणारच असाल तर एक रविवार त्यांच्या शेजारी बसा. घर, दवाखाना, मुलीचं गाव, कुलदैवत अशा चार-पाच जागा त्यांच्या हातून जतन करून घ्या. आवाज मोठा करायचं आणि सूचना परत ऐकायचं बटण त्यांना तीनदा दाबायला लावा. मग त्यांच्या ओळखीच्या रस्त्यावर एक फेरी मारा.

अपडेटच्या पैशांत थोडी भर घालून नवं युनिट बसवावं का?

कंपनीने नकाशे देणं थांबवलं असेल आणि युनिटला फोन जोडता येत नसेल, तर होय. अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले चालणारं युनिट बसवलं की फोनमधला ऑफलाइन नकाशा मोठ्या स्क्रीनवर येतो. गाडी वॉरंटीत असेल तर वायर कापणाऱ्याकडे मात्र जाऊ नका, कपलरवर, म्हणजे वायर न कापता जोडायच्या तयार प्लगवर, बसवणारा शोधा. आणि मागचा कॅमेरा, स्टिअरिंगवरची बटणं नव्या युनिटवर चालतील का ते आधी विचारा.

आमच्या गावचा रस्ता सगळ्याच नकाशांत चुकीचा आहे. कुठे सांगायचं?

गूगल मॅप्समध्ये त्या जागेवर बोट दाबून ठेवा आणि चूक कळवा. मॅपमायइंडियाच्या मॅपल्स ॲपमध्येही तशी सोय आहे. ओपनस्ट्रीटमॅपवर तर खातं उघडून रस्ता स्वतःच काढता येतो. २००४ पासून जगभरची माणसं ते करत आली आहेत. आमच्या वाडीकडे जाणारा ओढ्यावरचा साकव नकाशात गाडीरस्ता म्हणून दिसत होता. मी तो फक्त पायवाट आहे असं दुरुस्त केलं, आणि त्या गणपतीत पाहुण्यांच्या तीन गाड्या शाळेवरून बरोबर वळून आल्या.